गॅलरीतला तिरंगा : लावणारे, न लावणारे आणि काढायला विसरणारे

तिसरा_मजला (धागाकर्ती)

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत ऑगस्ट उजाडला की एकच वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो, आणि यंदा तो नेहमीपेक्षा थोडा पुढे गेला आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

२०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त १३ ते १५ ऑगस्ट असे तीन दिवस ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली. त्या वेळी कमिटीने घाऊक झेंडे आणून घरोघरी वाटले. उत्साह अगदी खरा होता. एरवी सभेला कधीही न फिरकणारी माणसेसुद्धा काठीसाठी पीव्हीसीचा पाइप कापून देत होती. अडचण सोळा तारखेपासून सुरू झाली. निम्म्या घरांनी झेंडे उतरवून ठेवले, उरलेल्या घरांचे झेंडे तसेच राहिले. आमच्या समोरच्या विंगमधला एक झेंडा केबल टायने ग्रिलला आवळलेला होता. त्याचे खालचे टोक एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जाळीत अडकून उसवले, केशरी पट्टा उडून फिकट गुलाबीसारखा दिसू लागला, आणि चक्र मुळातच मधोमध छापलेले नसल्यामुळे त्याचा खालचा भाग हिरव्या पट्ट्यावर उतरलेला होता. घराचे मालक परगावी होते आणि दिवाळीपर्यंत त्या झेंड्याला कोणी हात लावला नाही, कारण दुसऱ्याच्या गॅलरीतला झेंडा काढायचा कोणी, हे कुणालाच ठरवता येईना.

यंदाच्या सूचनाफलकावर मात्र एक नवे वाक्य आले आहे : ज्या सदनिकांच्या गॅलरीत झेंडा दिसणार नाही, त्यांचे क्रमांक ग्रुपवर टाकले जातील.

माझ्या शेजारची तीन घरे सांगते. डावीकडचे काका नौदलातून निवृत्त झालेले आहेत. ते वर्षातून दोनदाच झेंडा लावतात, सकाळी स्वतः लावतात आणि सूर्यास्ताला स्वतः उतरवून घडी घालतात. उजवीकडचे तरुण जोडपे बाराही महिने झेंडा ठेवते आणि विटला की नवा आणते. समोरचे कुटुंब झेंडा लावतच नाही; आजी म्हणतात, देवघरात आणि मनात असते ते कठड्यावर कशाला टांगायचे. या तिन्ही घरांबद्दल मला सारखाच आदर आहे, आणि त्या यादीत समोरच्यांचा क्रमांक येणार हे मला सहन होत नाही. आपल्याकडे काय पद्धत आहे आणि आपले मत काय, ते कृपया लिहावे.

निवृत्तमास्तर

मी तुमच्या डावीकडच्या काकांच्या बाजूचा आहे. अनेक वर्षे शाळेत ध्वजवंदनाची जबाबदारी माझ्याकडे होती. आदल्या संध्याकाळी दोरी तपासायची, कप्पी अडकत नाही ना ते बघायचे, फुलांच्या पाकळ्या घालून झेंड्याची गुंडाळी अशी बांधायची की एका झटक्यात सुटली पाहिजे, आणि ती उलटी तर नाही ना, हे तीन जणांनी पाहायचे. संध्याकाळी उतरवताना त्याचा जमिनीला स्पर्श होऊ द्यायचा नाही. ही सगळी तयारी हाच त्या मानाचा मोठा भाग होता, असे मला आजही वाटते.

सामान्य माणसाला पूर्वी प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती अशा मोजक्याच दिवशी झेंडा लावता येत असे. ती बंधने जाचक होती हे मान्य, परंतु त्यामुळे झेंड्याचा दिवस वेगळा उठून दिसत असे. बाराही महिने समोर असणाऱ्या वस्तूकडे आपली नजर जात नाही. दारावरचे तोरणसुद्धा सुकले तरी आपल्याला दिसत नाही, मग झेंड्याचे वेगळे काय होणार?

स्पष्टवक्ता

मास्तरांचा मान राखून वेगळे मत मांडतो. झेंडा दुर्मीळ असला तरच त्याचा मान राहतो, हे मला पटत नाही. माझा मोठा भाऊ सैन्यात आहे आणि आमच्या घरावर वर्षभर झेंडा असतो. तो आम्हाला रोज दिसतो आणि रोज भावाची आठवण होते.

यादीबद्दलही थोडे बोलतो. आकाशकंदील, ख्रिसमसची रोषणाई, गणपतीची कमान यांसाठी सोसायटी सर्वांकडून वर्गणी घेते आणि तेव्हा कोणी मूलभूत हक्कांची भाषा करत नाही. वर्षातून तीन दिवस सर्वांनी मिळून एक गोष्ट करावी, अशी अपेक्षा ठेवली तर एवढे दुखावण्यासारखे काय आहे? एकत्र केलेल्या गोष्टींतूनच एकोपा तयार होतो. ज्याला लावायचा नाही त्याने ‘मी लावणार नाही’ एवढे सांगावे आणि विषय संपवावा. सांगायची लाज का वाटावी?

वकिलीण

भावना बाजूला ठेवून आधी नियम मांडते, म्हणजे पुढची चर्चा नेमकी होईल.

२६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या भारतीय ध्वजसंहितेने खासगी व्यक्ती, संस्था आणि शाळांना कोणत्याही दिवशी, झेंड्याचा मान राखून, तो फडकवण्याची मुभा दिली. त्यामागे मोठा न्यायालयीन लढा होता. उद्योगपती नवीन जिंदल यांनी रायगडच्या, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधल्या रायगडच्या, कारखान्यावर तिरंगा लावला होता. त्यांना सरकारी अधिकाऱ्यांनी अडवले, ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे जिंकले, केंद्र सरकारने अपील केले आणि अखेर २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सन्मानपूर्वक झेंडा फडकवणे हा अनुच्छेद १९(१)(अ) खालच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि त्यावर कायद्याने घातलेली वाजवी बंधने लागू राहतील.

पुढे ३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेत बदल होऊन यंत्रावर बनवलेले आणि पॉलिस्टरचे झेंडे चालू लागले, आणि जुलै २०२२ मध्ये उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला झेंडा रात्रीही ठेवण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे मास्तर, सूर्यास्ताचा नियम घरांपुरता आता राहिलेला नाही. पाळायचा तर तो स्वतःच्या आवडीने पाळावा लागेल.

फाटका, मळका झेंडा लावणे, तो उलटा लावणे, त्याचा जमिनीला किंवा पाण्याला स्पर्श होऊ देणे, त्यावर काही लिहिणे, त्याच काठीवर दुसरा ध्वज लावणे, तोरण किंवा सजावट म्हणून त्याचा वापर करणे, या सर्व गोष्टी संहितेविरुद्ध आहेत. जाणूनबुजून केलेल्या अवमानाला १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परंतु घरावर झेंडा लावलाच पाहिजे असे या सगळ्यात कुठेही म्हटलेले नाही. स्पष्टवक्ता यांच्या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यायचे आहे, ते नंतर लिहिते.

इचलकरंजीकर

मी कापडाच्या धंद्यातला माणूस आहे, त्यामुळे माझे लक्ष आधी कापडाकडे जाते. तिसरा मजला ताईंनी ज्या झेंड्याचे वर्णन केले आहे, तो बहुधा छापील पॉलिस्टरचा असणार. या मालाची गंमत अशी की स्वस्त छपाईचा रंग ऊनपावसात पहिल्याच हंगामात उडतो, पण कापड कुजत नाही. म्हणजे झेंडा संपलेला असतो आणि तरीही तो वर्षभर लटकत राहू शकतो. खादीचा झेंडा जीर्ण झाला की तो जीर्ण झालेला लगेच कळतो.

भारतीय मानक संस्थेचे अगदी पहिले मानक, आयएस १, हे राष्ट्रध्वजाचेच आहे. त्यात सुताचा पीळ, रंगाची छटा, शिलाई, चक्राची छपाई अशा सगळ्यांची मोजमापे दिलेली आहेत. त्या मानकाप्रमाणे खादीचे झेंडे बनवणारी ठिकाणे फार थोडी आहेत. त्यांतले हुबळीजवळचे बेंगेरी बऱ्याच जणांना माहीत असते, पण आपल्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतही झेंडे तयार होतात, हे महाराष्ट्रातच पुष्कळांना ठाऊक नसते. २०२१ च्या बदलाला हुबळीच्या खादी ग्रामोद्योग संघाने विरोध केला होता आणि त्यांचे दुखणे समजण्यासारखे होते. दुसरी बाजूही आहे. २०२२ मध्ये टपाल कार्यालयात २५ रुपयांना झेंडा मिळत होता. खादीचा झेंडा त्या किमतीत कोट्यवधी घरांना देणे शक्यच नव्हते. यंत्रमागाच्या गावात राहून मी पॉलिस्टरला नावे ठेवणे शोभणार नाही. माझी विनंती एवढीच आहे की झेंडा घेताना तो उलगडून पाहावा : लांबी रुंदीच्या दीडपट आहे का, चक्र गोल आहे का आणि त्याला चोवीस आरे आहेत का, एवढे तरी तपासावे.

पेडण्याची

आमच्याकडे गोव्यात या विषयाला निराळा पदर आहे. १९६१ पर्यंत इथे तिरंगा हा बाहेरच्या देशाचा झेंडा होता आणि तो जवळ बाळगणेसुद्धा धोक्याचे होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर तिरंगा घेऊन आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आमचे गाव तिथून फार लांब नाही. सासूबाईंच्या घरात झेंडा लाकडी पेटाऱ्यात, धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवलेला असे आणि तो लावायचा मान घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचा असे. दिवसही दोनच नव्हते. १९ डिसेंबर हा मुक्तिदिन तिसरा.

म्हणून स्पष्टवक्ता यांचे म्हणणे मला अर्धे पटते. झेंडा लावण्याचा आनंद मोठा आहे आणि ज्यांना तो कधीकाळी लावू दिला नव्हता त्यांना तर तो जास्तच कळतो. मात्र ज्यांनी तो बंदी असताना हातात धरला, त्यांच्याकडे कोणी यादी घेऊन गेले नव्हते.

मीरारोडकर

बराच विचार करून लिहीत आहे. माझे नाव वाचले की माझा धर्म कळतो, म्हणून इथे टोपणनावाने लिहितो. आमच्या इमारतीत आम्ही दोनच मुस्लिम कुटुंबे आहोत. २०२२ मध्ये आमच्या मजल्यावरचा पहिला झेंडा माझ्या गॅलरीत लागला. मला झेंडा आवडतो, शाळेत मी परेडमध्ये होतो, आणि तो लावताना मुलगी खुर्चीवर उभी राहून काठी धरत होती. हे सगळे खरे आहे. आणि हेही खरे आहे की त्या वर्षी मी तो तेरा तारखेला सकाळी सातच्या आत लावला, कारण दुपारपर्यंत थांबलो असतो तर त्याचा काही अर्थ लावला गेला असता.

शेजारच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी चौदा तारखेला रात्री लावला, सोळाला काढला, आणि त्यांना कोणी काही विचारले नाही. त्यांना विचारावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. मला त्यांच्याइतकेच निवांतपणे झेंडा लावता यावा, एवढेच म्हणायचे आहे. स्पष्टवक्ता दादा, ‘मी लावणार नाही’ असे सांगून विषय संपवणे तुम्हाला जमेल. आमच्यापैकी काहींच्या बाबतीत विषय तिथून सुरू होतो. यादी सर्वांची असली तरी ती सर्वांना सारखी लागू होत नाही.

न्यूजर्सीकर

मीरारोडकर यांचा प्रतिसाद वाचून २००१ सालचा सप्टेंबर आठवला. हल्ल्यानंतरच्या दिवसांत इथे दुकानांतले अमेरिकी झेंडे संपले होते. आमच्या भागातल्या भारतीय आणि पाकिस्तानी दुकानदारांनी, टॅक्सीवाल्यांनी, पगडी घालणाऱ्या शीख कुटुंबांनी ते आधी मिळवून काचेवर लावले. त्यात दुःख खरे होते, या देशाबद्दलची आपुलकीही खरी होती आणि भीतीही खरी होती. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त झेंडा दिसत होता.

इथल्या घरमालक संघटनांचे नियम आपल्या सोसायट्यांपेक्षा कडक असतात. दाराचा रंगसुद्धा त्यांना विचारून लावावा लागतो. तरीही २००६ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार त्या संघटनांना सभासदाने स्वतःच्या जागेत राष्ट्रध्वज लावण्यावर बंदी घालता येत नाही; वेळ, जागा आणि पद्धत यांचे वाजवी नियम मात्र करता येतात. रात्री झेंडा ठेवायचा तर त्यावर प्रकाश असावा, असा इथला संकेत आहे. आमच्या रस्त्यावर काही घरांवर तो रोज असतो, काहींवर चार जुलैलाच असतो, आणि काहींवर कधीच नसतो. निवडणुकीच्या वर्षात मात्र रोजच्या झेंड्याकडे लोक पक्षाची खूण म्हणून पाहू लागले आहेत, आणि हे मला सर्वांत वाईट वाटते.

म्युनिकची_मावशी

जर्मनीत याच्या उलट. युद्धातल्या इतिहासामुळे इथे घरावर राष्ट्रध्वज लावणाऱ्याकडे लोक थोडे संशयानेच पाहत. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात पहिल्यांदाच गाड्यांवर आणि गॅलऱ्यांत एवढे झेंडे दिसले, आणि ‘हे चांगले की वाईट’ यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले गेले. माझे जर्मन शेजारी आजही स्पर्धा संपली की झेंडा लगेच उतरवतात.

वकिलीण

आता स्पष्टवक्ता यांच्या प्रश्नाकडे वळते.

१९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बिजो इमॅन्युएल खटला आला. केरळमधल्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकले होते. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, मात्र त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे ती गीत गात नसत. न्यायालयाने म्हटले की आदराने उभे राहून न गाणे हा अवमान होत नाही, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मौन बाळगण्याचे स्वातंत्र्यही येते. मुलांना शाळेत परत घ्यावे लागले. हा निकाल राष्ट्रगीताचा आहे, झेंड्याचा नाही, हे मान्य करूनही मला असे वाटते की त्याचे तत्त्व इथे सरळ लागू पडते. झेंडा लावणे हे जर अभिव्यक्तिस्वातंत्र्य असेल, तर ते माझे आहे, कमिटीचे नाही, आणि जी अभिव्यक्ती यादीच्या धाकाने होते तिला अभिव्यक्ती म्हणता येणार नाही.

वर्गणीचे उदाहरण इथे बसत नाही. वर्गणी न देणाऱ्याला आपण कंजूष म्हणतो; झेंडा न लावणाऱ्याला काय म्हटले जाते, ते मीरारोडकर यांनी लिहिलेच आहे. शिवाय उपविधींत नसलेला नियम कमिटीला केवळ सूचनाफलकावर लिहून सभासदांवर लादता येत नाही.

स्पष्टवक्ता

मीरारोडकर, तुमचे म्हणणे माझ्या ध्यानात आले नव्हते आणि यादीचा आग्रह मी सोडतो. आवाहन असावे, या मतावर मात्र ठाम आहे. कमिटीने झेंडे आणावेत, लावायला मदत करावी आणि लोकांना उत्साहाने सांगावे. त्यालाही कोणी जबरदस्ती म्हणू लागले, तर आपण एकत्र काही करायचेच नाही का?

मिरजेचा_जावई

एक आगंतुक शंका विचारतो. आमच्या इमारतीत जानेवारी २०२४ मध्ये लावलेले भगवे झेंडे अजून काही ठिकाणी आहेत, एप्रिलमध्ये निळे आणि पंचशील ध्वज लागतात, आणि गुढीपाडव्याला सर्वांच्या वर गुढ्या असतात. माझा तिरंगा दुसऱ्या मजल्यावर आहे. वरच्या मजल्यावरच्या भगव्यामुळे माझ्या हातून नियमभंग होतो का?

वकिलीण

जावईबापू, तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीने दुसरा ध्वज असू नये, असे संहितेत आहेच. माझ्या मते त्याचा रोख एकाच ठिकाणच्या मांडणीवर आहे. दुसऱ्याच्या घराच्या उंचीचा दोष तुमच्यावर येणार नाही. एकाच ग्रिलला वर भगवा आणि खाली तिरंगा, किंवा वर निळा आणि खाली तिरंगा, असे बांधलेले मी पाहिले आहे, आणि ते मात्र चुकीचेच आहे. दोन्हींचा मान राखायचा असेल तर ते वेगवेगळ्या ठिकाणी लावावेत. गुढीला ध्वज मानायचे का, यावर पंचांगकर्त्यांना विचारावे. मी त्यात पडत नाही.

तिसरा_मजला

सर्वांचे आभार. रविवारी सभा झाली. वकिलीणताईंचा मुद्दा मी जसाच्या तसा मांडला, आणि मीरारोडकर यांचा प्रतिसाद, त्यांची इथेच परवानगी घेऊन, वाचून दाखवला. त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग चेअरमन म्हणाले की यादीचे वाक्य त्यांनी उत्साहाच्या भरात घातले होते, ते काढू. उजवीकडच्या जोडप्याने वाद घातला की वाक्य काढल्याने ‘काही केले नाही तरी चालते’ असा संदेश जाईल, आणि त्यांच्याशी सहमत असणारे पाच-सहा जण होते. ठराव बहुमताने झाला, एकमताने नव्हे.

नवी सूचना अशी आहे. ज्यांना हवा त्यांनी कार्यालयातून झेंडा घ्यावा. काठीला झेंडा केबल टायने न आवळता दोरीने बांधावा. परगावी जाताना झेंडा उतरवून जावे किंवा किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी. जीर्ण झालेले झेंडे कार्यालयातल्या बंद कपाटात जमा करावेत. पुढे त्यांचे काय करायचे, यावर अडले आहे. काकांचे म्हणणे आहे की ते जाळावेत, पण कोणी चित्रफीत काढून भलतेच पसरवेल याची सर्वांना धास्ती आहे.

इचलकरंजीकर

ताई, खादी किंवा सुती झेंडे जाळले तर त्यांची राख होते. पॉलिस्टर मात्र वितळून थेंब थेंब ठिबकते आणि काळा धूर होतो; गच्चीवर असा प्रयोग करू नये. ते वेगळे काढावेत.

वकिलीण

संहितेत म्हटले आहे की जीर्ण झेंडा खासगीरीत्या, संपूर्ण नष्ट करावा. जाळून केल्यास उत्तम, अथवा त्याचा मान राखणाऱ्या अन्य पद्धतीने. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर झेंडा जाळणे हा १९७१ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे गच्ची आणि पार्किंग दोन्ही नकोत. झेंडे जाळण्यापूर्वी कमिटीने ठराव करून ‘संहितेप्रमाणे विल्हेवाट’ असे इतिवृत्तात लिहून ठेवावे आणि दोन-तीन जबाबदार सभासदांनी बंद जागेत ते काम करावे. भ्रमणध्वनी बाहेर ठेवावेत, हे सांगायला नकोच.

निवृत्तमास्तर

ठराव चांगला झाला. दोरीची गाठ कोणती घालायची, हे काकांकडून मुलांना शिकवून घ्यावे, असे सुचवतो. रात्रीच्या झेंड्याबद्दल मात्र कायदा काहीही म्हणो, माझे मत बदललेले नाही.